बिननावाची तबकडी

क्लीव्हलंड मौल्ट्रीच्या घरातला बाथटब आंघोळीला कधी मोकळा मिळायचा नाही, ही त्याच्या आईची, ओडेसाची, जुनी तक्रार होती. इतरांच्या टबात माणसं बसतात, हिच्या टबात तबकड्या भिजत पडलेल्या. रेकॉर्डच्या मध्यावर जो गोल कागद असतो, ज्यावर गाण्याचं आणि गाणाऱ्याचं नाव छापतात, तो कोमट पाण्यात सुटेपर्यंत भिजवायचा, नखाने खरवडून काढायचा आणि मग ती उघडीबोडकी रेकॉर्ड पुसून कपाटात ठेवायची, असा क्लीव्हलंडचा नेम होता. रविवारी चर्चला निघालेल्या ओडेसाच्या पायांना त्या कागदांचा लगदा चिकटायचा.

“तुझा बाप दारू प्यायचा,” ती ओरडायची, “पण टब रिकामा ठेवायचा!”

हा वेडेपणा एकट्या क्लीव्हलंडचा होता असं मात्र नाही. शहराच्या ब्रॉन्क्स भागात ज्याला ज्याला डीजे म्हणून चार माणसं ओळखत होती, तो प्रत्येक जण हेच करायचा. उन्हाळ्यात दिव्याच्या खांबातून वीज ओढून बागेत स्पीकर लावले, की गर्दीत दोन-चार हेर असायचेच. नाचण्याचं नाटक करत ते डीजेच्या मागे सरकायचे आणि माना उंचावून बघायचे, कुठली रेकॉर्ड फिरतेय ती. नाव दिसलं की सकाळी दुकानात हजर, आणि पुढच्या शनिवारी ड्रमचा तोच तुकडा यांच्या बागेत वाजायला लागायचा. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, एवढ्या एका शास्त्रावर इथल्या सगळ्यांचा धंदा चालला होता.

क्लीव्हलंड त्या शास्त्राचा महापंडित. त्याने स्वतःला नावच ‘डीजे टॉप सीक्रेट’ असं घेतलं होतं. वाजवताना तो यंत्रांवर टॉवेल टाकायचा, घरातही काळा चष्मा लावायचा, आणि कोणी “काय चाललंय?” असं साधं विचारलं तरी “बघू,” एवढंच म्हणायचा. बागेत येणाऱ्या एकालाही त्याचं खरं नाव ठाऊक नव्हतं.

त्याची सगळी कीर्ती उभी होती ती एका रेकॉर्डवरच्या ड्रमच्या तुकड्यावर. तुकडा जेमतेम एका श्वासाचा, पण क्लीव्हलंड दोन प्रती शेजारी लावून तो पुन्हा पुन्हा फिरवायला लागला की मक्याची कणसं विकणारासुद्धा गाडी सोडून नाचायला यायचा. त्या दोन्ही प्रतींवर ओळखीसाठी ओडेसाच्या लाल नखपॉलिशचा ठिपका होता. बाकी खूण नाही. ती रेकॉर्ड कुठली, हे काढून घेण्यासाठी लोकांनी काय काय केलं! शेजारच्या साउंडव्ह्यू वस्तीतला एल्सवर्थ पेटिफर्ड, जो ‘किड मर्क्युरी’ नावाने वाजवायचा, त्याने तर म्हणे क्लीव्हलंडच्या चुलतबहिणीशी लग्न ठरवलं होतं, केवळ त्या कपाटापर्यंत पोचता यावं म्हणून. कपाटाला कुलूप आहे असं कळल्यावर ते लग्न मोडलं.

तर अशा या गुप्त माणसाला त्या वर्षी वसंतात डाउनटाउनच्या एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीतून बोलावणं आलं. क्लीव्हलंड आईने इस्त्री करून दिलेला सूट घालून गेला. तिथल्या साहेबाने त्याला थंड पेय दिलं, पाठ थोपटली आणि पुढे करार सरकवला. क्लीव्हलंडने पहिली गोष्ट विचारली ती आपल्या नावाची.

“येणार ना,” साहेब म्हणाला. “वेष्टनाच्या आतल्या बाजूला, खाली, इतरांबरोबर.”

त्याने नमुना दाखवला. ती अक्षरं बघायला क्लीव्हलंडला काळा चष्मा काढावा लागला. मुंगी बरी, एवढं बारीक. तो उठला आणि तडक बाहेर पडला. थंड पेय मात्र त्याने आधीच संपवलं होतं.

संध्याकाळी तो आईच्या स्वयंपाकघरात उभा राहून भाषण करत होता. ओडेसा कढईत मासे तळत होती आणि टेबलापाशी रेनिटा गॅड्सडेन बटाट्याचं सॅलड कालवत होती. रेनिटा गेले दोन उन्हाळे क्लीव्हलंडच्या ड्रमवर रॅप करायची. दिवसा ती एका हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होती. तिथे दिवसभर नावं नि वॉर्ड सांगून सांगून तिची जीभ अशी तयार झाली होती की हजार माणसांच्या गोंगाटातही तिचा शब्द न् शब्द मोजून घ्यावा. ती ओरडायची नाही. टोपणनावही तिने घेतलं नव्हतं. “आईबापांनी दिलंय ते काय वाईट आहे?” असं ती म्हणायची.

“आजपासून आपण कोणाचे नोकर नाही!” क्लीव्हलंड म्हणाला.

“आजवर तरी कुठे होतास?” ओडेसा मासा उलटत म्हणाली. “एखादी नोकरी केली असतीस तर मला कळलं असतं.”

“मा, ऐक तरी. मी स्वतःची कंपनी काढतोय. टॉप सीक्रेट रेकॉर्ड्स. त्या डाउनटाउनच्या जळवांचं आता काही चालायचं नाही. माझ्या कंपनीत कलाकाराला मान मिळेल मान!”

“मला मान नको, क्लीव्ह,” रेनिटा म्हणाली. “माझं नाव हवं. तबकडीवर, मधल्या कागदावर, लोकांना वाचता येईल असं. एवढं दे.”

“देणार ना! त्यात काय!”

“त्यात बरंच काही आहे. माझा बाप चौघांच्या एका गटात गायचा, माहितीय ना तुला? त्यांची एकच रेकॉर्ड निघाली. कागदावर पुढे उभं राहणाऱ्याचं नाव, आणि खाली ‘आणि साथीदार’. मी शाळेत सांगायचे, मागे तो लांबवलेला सूर ऐकू येतो ना, तो माझा बाप. तर एक पोरगी म्हणाली, हो का, आणि माझा बाप चंद्रावर जाऊन आला. सगळा वर्ग हसला. मी घरी येऊन ती रेकॉर्ड बापासमोर आपटली. त्याच्यावर चिडले मी, क्लीव्ह. ज्याने गायलं त्याच्यावर.”

ओडेसाने कढईखालची आच कमी केली.

“छाप तिचं नाव,” ओडेसा म्हणाली. “आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याला पाण्यात बुडवायच्या आधी माणसाचं नाव विचारतात. तू बुडवून नाव घालवतोस. उलट्या काळजाचा कुठला.”

“छापतो म्हटलं ना! शब्द दिला.”

क्लीव्हलंडने मरून गेलेल्या मामाची बुइक गाडी विकली, आठवड्याभरासाठी एक स्टुडिओ भाड्याने घेतला, आणि काम मात्र झकास केलं. हे कबूल करायला हवं. माणूस कितीही भंपक असला तरी त्याचे कान भंपक नव्हते. लाल ठिपक्याचा तो ड्रम त्याने नव्या यंत्रात भरला, बागेतल्यांनाही ओळखू येऊ नये असा फिरवला, त्याच्याखाली बासचा असा जाड, खालचा सूर सोडला की स्टुडिओच्या खिडक्या थरथरल्या, आणि त्यावर रेनिटाने टेलिफोनवालीचं गाणं म्हटलं. बड्या साहेबांचे फोन जोडणारी बाई त्यांना एकेकाला लाइनवर ताटकळत ठेवते, असं ते गाणं. ऐकणारा हसता हसता घाबरायचा. क्लीव्हलंडने स्वतः ऐकलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला, आणि त्याने रेनिटाला मिठी मारली. ती मिठी खरी होती.

मग तो नदीपलीकडे न्यू जर्सीला तबकड्या छापणाऱ्या कारखान्यात गेला. तिथल्या माणसाने विचारलं, मधल्या कागदावर काय घालायचं?

क्लीव्हलंडने आपल्या नखांकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या हाताने कागद खरवडले, त्या हाताने आता कागद भरायचा? नाव छापलं की हेर ते वाचणार. रेनिटाचं वाचलं तर उद्या एल्सवर्थ तिच्या दारात फुलं घेऊन उभा. माझं वाचलं तर माझ्या कपाटाच्या दारात. आणि बागेत सगळे कोणत्या रेकॉर्डमागे वेडे होतात? जिच्यावर नाव नसतं तिच्या. मग जी जन्मालाच बिननावाची आली, तिच्यामागे किती वेडे होतील! आपल्या हुशारीचं त्याला स्वतःलाच कौतुक वाटलं.

“कोरा ठेवा,” तो म्हणाला.

“कोरा? कंपनीचं नाव?”

“नको.”

“निदान फोन नंबर?”

“छे!”

“मग लोकांना कळणार कसं कोणाची आहे ती?”

“ज्याला कळायचं त्याला कळेल.”

कारखान्यातल्या माणसाने बऱ्याच मूर्खांच्या तबकड्या छापल्या होत्या. त्याने खांदे उडवले आणि मान डोलावली.

खोकी घरी आली तेव्हा रेनिटा कामावरून थेट तिथे पोचली. तिने एक तबकडी काढली, पाहिली, उलटली, पुन्हा उलटली. तिचे डोळे भरून आले आणि ते लपवायची तिने काही खटपट केली नाही.

“त्या डाउनटाउनच्या साहेबाने तुझं नाव मुंगीएवढं छापलं असतं,” ती म्हणाली. “तू माझं तेवढंही छापलं नाहीस.”

“अगं, माझं तरी कुठे छापलंय? बघ ना! आपल्या कंपनीत सगळे सारखे!”

“शब्द दिला होतास.”

“ही युक्ती आहे, रेनिटा. आधी लोकांना तडफडू दे. मग आपण हळूच जाहीर करायचं. धंद्यातलं तुला नाही कळायचं.”

“बरोबर. मी आपली फोन जोडते.” तिने पर्स उचलली, ओडेसाच्या गालाचं चुंबन घेतलं, “येते, मिस ओडेसा,” म्हणाली आणि गेली. ओडेसाने त्या दिवशी मुलाला जेवायला वाढलं नाही.

युक्ती मात्र लागू पडली, आणि तेच वाईट झालं. क्लीव्हलंडने काळा चष्मा लावून दुकानादुकानांत तबकड्या ठेवल्या आणि “विचारू नका,” असं सांगून पसार झाला. कोणी विचारलंही नाही. आठवड्याभरात ट्रिमाँट अव्हेन्यूवर प्रत्येक गाडीतून, खिडकीतून, पोरांच्या खांद्यावरच्या टेपमधून रेनिटा साहेबांना ताटकळत ठेवायला लागली. लोक दुकानात जाऊन “ती कोरी द्या,” म्हणायचे. क्लीव्हलंड रस्त्याने नुसता फिरायचा आणि मनातल्या मनात फुगायचा. आपल्याशेजारून आपलंच गाणं जातंय आणि कोणाला पत्ता नाही, याची त्याला गंमत वाटत होती. चार-पाच दिवसांत ती गंमत थोडी टोचायला लागली.

शनिवारी दुपारी तो न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता. अर्धं डोकं भादरून झालं होतं. रेडिओवर स्मूद लिऑनचा कार्यक्रम चालू होता. लिऑनने एखादं गाणं वाजवलं की ते सोमवारी सगळ्या शहरात वाजायचं, एवढा त्याचा दबदबा.

“मंडळी, हीच ती कोरी!” लिऑन म्हणाला. “आणि आज तिचा कर्ता माझ्यासमोर बसलाय. साउंडव्ह्यूचा किड मर्क्युरी! बाबा रे, कुठे लपला होतास?”

“कामात होतो, लिऑन,” एल्सवर्थचा आवाज आला. “कलाकाराने नाव मागे ठेवावं, काम पुढे करावं. म्हणून कागद कोरा ठेवला मी.”

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. क्लीव्हलंड गळ्यातल्या फडक्यासकट उठला.

“अरे, अर्धं राहिलंय!” न्हावी ओरडला.

क्लीव्हलंड कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये घुसला. लाइन लागेपर्यंत त्याच्या मानेवरून केस आणि घाम एकत्र ओघळत होते.

“लिऑन, तो चोर आहे! ती रेकॉर्ड माझी! मी डीजे टॉप सीक्रेट!”

“असं होय? सकाळपासून तुझ्यासारखे पुष्कळ येऊन गेले, भाऊ. एक तर आजीबाई होत्या. बरं, आपण परीक्षा घेऊ. तो ड्रम कुठल्या रेकॉर्डवरचा? किड मर्क्युरीने सांगितलंय. तू सांग.”

“तो खोटं बोलतोय!”

“मग खरं काय ते तू सांग ना. सगळा ब्रॉन्क्स ऐकतोय.”

आता इथे एक गोष्ट उघड करायला हवी, जी क्लीव्हलंडने आईलासुद्धा सांगितली नव्हती. तो ड्रम कुठल्या रेकॉर्डवरचा, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. बंद पडणाऱ्या एका दुकानातून त्याने आख्खं खोकं उचललं होतं, आणि घरी येऊन, ऐकायच्याही आधी, नावं वाचायच्याही आधी, सगळ्या तबकड्या टबात टाकल्या होत्या. आधी बंदोबस्त, मग संगीत. गुपित इतकं पक्कं ठेवलं की ते मालकालाही कधी कळलं नाही. बिचारा ड्रम वाजवणारा कोण होता, जिवंत होता की मेला, देव जाणे.

“ते गुपित आहे,” क्लीव्हलंड म्हणाला.

रेडिओवर हशा पिकला. रस्त्यापलीकडच्या दुकानातल्या रेडिओवरही तोच हशा, थोडा मागून ऐकू आला.

“बरं, असं करू,” लिऑन म्हणाला. “उद्या दुपारी स्केटिंगच्या रिंकवर माझा कार्यक्रम आहे. ज्याची कोरी त्याने ती गाणारी बाई घेऊन यावं. तिचा आवाज तरी खोटा निघायचा नाही.”

क्लीव्हलंड तसाच, अर्ध्या डोक्याचा, हॉस्पिटलच्या दारात जाऊन उभा राहिला. पाळी संपवून रेनिटा बाहेर आली. तिने हातातली पॅटी खाता खाता त्याच्या डोक्याकडे नीट पाहिलं.

“ही पण युक्ती आहे का?”

“रेनिटा, तो मेला एल्सवर्थ माझं सगळं घेऊन चाललाय. माझं काम, क्लीव्हलंड मौल्ट्रीचं काम! मी बारा वर्षांचा असल्यापासून दुसरं काही केलं नाही गं. उद्या तू आली नाहीस तर मी ते केलं होतं हे कोणाला कधी कळणार नाही.”

“मग कसं वाटतं?”

त्याने गळ्यातलं न्हाव्याचं फडकं काढून हातात चुरगळलं. ते नाटक नव्हतं. रेनिटाला ते कळलं, म्हणून तर ती थांबली.

“मी येते,” ती म्हणाली. “येते आणि सगळ्यांसमोर तुझं नाव सांगते. पण आज कारखान्यात जा आणि नवे कागद छापून आण. दोन नावं. तुझं आणि माझं. एका मापाची अक्षरं.”

“एका मापाची! देवाशपथ!”

तो खरोखर गेला. कारखान्यातला तोच माणूस शनिवारचा कंटाळत भेटला. क्लीव्हलंड नमुन्यासमोर बसला, आणि दोन्ही नावं एका मापाची लिहूनही झाली. मग त्याने ती जरा लांबून पाहिली. काहीतरी चुकतंय असं त्याला वाटलं. कंपनी कोणाची? बुइक कोणाची विकली? गाणारी आज आहे, उद्या लग्न करून बॉल्टिमोरला जाईल, मालक कुठे जाणार? त्याने आपलं नाव थोडं वाढवलं. मग ‘टॉप सीक्रेट’ त्यात बसवायला अजून थोडं वाढवलं. आता गोल कागदावर जागा तरी कुठून उरणार? “सोबत रेनिटा” असं त्याने खाली, भोकाशेजारी बसवलं. वाचता येत होतं. उन्हात धरलं तर सहज वाचता येत होतं.

रविवारी रिंक गच्च भरला होता. ओडेसा चर्चमधून थेट आली होती, डोक्यावर पिसाची मोठी टोपी, आणि तिच्यामागे बसलेल्यांना काही दिसत नव्हतं. मधोमध लाकडी मंच. एका बाजूला एल्सवर्थ खोकं घेऊन उभा. त्यानेही रातोरात कागद छापून घेतले होते आणि त्यावर ‘किड मर्क्युरी’ असं नाव झळकत होतं. दुसऱ्या बाजूला क्लीव्हलंड, डोकं लपवायला टोपी, हातात खोकं. दोन्ही खोकी पाहून लिऑनने कपाळाला हात लावला. आता कागदाला विचारून काही उपयोग नव्हता.

रेनिटा आली, क्लीव्हलंडच्या खोक्यातून तिने वरची तबकडी उचलली. आधी हातभर अंतरावरून पाहिली, मग नाकाजवळ आणली. सापडलं तिला.

“वेळ कमी होता,” क्लीव्हलंड पुटपुटला. “पुढच्या खेपेला वाढवू.”

तबकडी तिने अलगद परत ठेवली, जशी दुकानातली न परवडणारी वस्तू ठेवतात.

आधी एल्सवर्थने आणलेली पोरगी उभी राहिली. दुसऱ्याच ओळीला तिचा श्वास संपला आणि ती हसायलाच लागली. लोकांनी तिला प्रेमाने खाली पाठवलं. मग रेनिटाने माइक घेतला. संगीत नाही, काही नाही.

“लाइनवर थांबा, नाव सांगा, कोण बोलतंय तिकडून?
साहेब आहेत, साहेब नाहीत, मीच सांगते इकडून.
दारावरती पाटी तुमची, आत खुर्ची तुमची,
लाइन जोडायची की नाही, मर्जी फक्त आमची!”

चौथी ओळ तिला म्हणावीच लागली नाही. सगळा रिंक ती म्हणत होता. पोरं चाकांच्या बुटांनी लाकूड बडवत होती. लिऑनने तिचं नाव विचारलं आणि तिने ते सांगितलं, पूर्ण, जसं ती दिवसभर दुसऱ्यांची नावं सांगायची तसं. हजार तोंडांनी ते परत म्हटलं. रेनिटा गॅड्सडेन. एकदा, दोनदा, मग टाळ्यांच्या ठेक्यावर. ती रडत होती आणि हसत होती.

“आता, मिस गॅड्सडेन,” लिऑन म्हणाला, “एवढं सांगून टाका. संगीत कोणाचं?”

“माझं!” क्लीव्हलंड ओरडला. “माझं!” एल्सवर्थ ओरडला.

रेनिटाने माइकवर हात ठेवला आणि ती क्लीव्हलंडकडे वाकली.

“हे फेकून दे,” ती हळू आवाजात म्हणाली, “आणि नवे छाप. एका मापाची दोन नावं. नुसतं हो म्हण, क्लीव्ह. मी आत्ता सगळ्यांना सांगते, की असा कान आख्ख्या ब्रॉन्क्समध्ये दुसऱ्याला नाही. आणि ते खरंच आहे.”

सगळे वाट बघत होते. क्लीव्हलंडला एक अक्षर म्हणायचं होतं. त्याने ओठ हलवले.

“वर कोणाचं?” त्याने विचारलं.

रेनिटाने त्याच्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं, पण ती नुसती दमलेली दिसली. तिने माइकवरचा हात काढला.

“मी यांना ओळखत नाही,” ती म्हणाली. “दोघांनाही.”

“रेनिटा!” क्लीव्हलंड किंचाळला. मग त्याने गर्दीत पिसाची टोपी शोधली. “मा! तू सांग ना! तुझ्या टबात सगळं झालंय, मा!”

ओडेसा उभी राहिली. मुलाकडे बघताना तिची हनुवटी थरथरली, पण आवाज नाही थरथरला.

“मी चर्चमधून आलेय,” ती म्हणाली. “आज मला खोटं बोलता येणार नाही. आणि खरं सांगायची मला लाज वाटते.”

लोक इतके हसले की एल्सवर्थही हसला, आणि त्या हशात तो खोकं काखेत मारून हळूच सटकला. लिऑनने आपल्याजवळची कोरी प्रत काढली, यंत्रावर ठेवली, सुई टेकवली. ड्रम सुरू झाला. ज्याने तो वाजवला होता त्याचं नाव अजूनही कोणाला ठाऊक नव्हतं. रेनिटाला पोरींनी खांद्यावर घेतलं आणि सगळा रिंक गोल फिरायला लागला.

क्लीव्हलंड मंचावरून उतरून मधोमध उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि काळ्या चष्म्यामुळे ते कोणाला दिसत नव्हतं. चारी बाजूंनी माणसं त्याच्या ठेक्यावर घसरत होती, नेमकं जिथे त्याने बास थांबवला होता तिथे थांबत होती, जिथे परत सोडला होता तिथे उसळत होती. एक जाडजूड मुलगी धापा टाकत त्याच्या शेजारी येऊन थांबली.

“काय भारी आहे ना?” ती म्हणाली. “ज्याने केलंय त्याच्या हातांचे मुके घ्यावेत.”

“मी केलंय,” क्लीव्हलंड म्हणाला.

तिने त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मायेने त्याच्या खांद्यावर थोपटलं.

“हो रे बाबा,” ती म्हणाली. “तू पण.”